दोन थेंबांमागचा हट्टी माणूस

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पोलिओचा रविवार होता आणि आम्ही चौघीजणी अंगणवाडीतल्या बूथवर बसलो होतो. एक तरुण आई कडेवर बाळ घेऊन आली, पण बाळाचं तोंड काही पुढे करेना. या थेंबांमध्ये पोलिओचाच जिवंत जंतू असतो, हे खरं का, असं तिने विचारलं. शेजारची कार्यकर्ती लगेच म्हणाली, की अगं, काहीतरीच काय विचारतेस! मला मात्र तिला असं उडवून लावणं बरं वाटलं नाही. कारण तिचं म्हणणं खरंच होतं. त्या थेंबांत जिवंत विषाणू असतो, फक्त दुबळा केलेला. आणि तो दुबळा कायम दुबळाच राहतो का, या एका प्रश्नापायी ते थेंब शोधणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य भांडणात गेलं. त्या माणसाचं नाव डॉ. अल्बर्ट साबिन. आपल्या घराघरात त्यांचं औषध पोहोचलं, पण त्यांची कहाणी फार थोड्या जणींना ठाऊक असेल.

साबिन यांचा जन्म 26 ऑगस्ट 1906 चा, बियालिस्टॉक नावाच्या गावातला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा रशियाच्या झारच्या राज्यात होतं. घर ज्यू, विणकरी व्यवसायातलं. ज्यूंना तिथे सुखाने जगू देत नव्हते. 1921 मध्ये हे कुटुंब अमेरिकेला गेलं आणि न्यू जर्सीतल्या पॅटरसन या रेशीम गिरण्यांच्या गावात राहिलं. अल्बर्ट तेव्हा पंधरा वर्षांचा होता. इंग्रजी जेमतेम यायचं, पण मुलगा जिद्दी. एक काका दंतवैद्य होते. भाच्या-पुतण्यांपैकी कुणी दाताचा डॉक्टर होत असेल तर शिक्षणाचा खर्च मी करीन, असं त्यांनी कबूल केलं आणि अल्बर्टने न्यूयॉर्कला दंतवैद्यकाला नाव घातलं.

पण त्याच सुमारास त्याच्या हातात ‘मायक्रोब हंटर्स’ नावाचं पुस्तक पडलं. जंतूंच्या मागे लागलेल्या शास्त्रज्ञांच्या गोष्टी त्यात होत्या. झालं! दात सोडून स्वारी जंतूंकडे वळली. काकांनी पैसे बंद केले. मग प्रयोगशाळेतली पडेल ती कामं करत, शिष्यवृत्ती मिळवत त्याने वैद्यकीय शिक्षण पुरं केलं. 1931 मध्ये तो डॉक्टर झाला आणि त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये पोलिओची साथ आली. काल खेळत असलेलं मूल आज पाय उचलू शकत नाही, हे या तरुण डॉक्टरने तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

पुढे रॉकफेलर संस्थेत काम करताना त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली. 1936 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्याने पोलिओचा विषाणू काचेच्या भांड्यात, माणसाच्या मज्जापेशींवर वाढवून दाखवला. दुसऱ्या कुठल्याच पेशींवर तो वाढला नाही, तेव्हा हा फक्त मज्जापेशींतच वाढतो असा निष्कर्ष त्यांनी काढला. सगळ्या जगाने तो मानला आणि दहा-बारा वर्षं वाया गेली. गंमत बघा, चूक प्रयोगात नव्हती, विषाणूत होती! तो विषाणू वर्षानुवर्षं माकडाच्या मेंदूतून माकडाच्या मेंदूत टोचत जपलेला होता. त्या प्रवासात तो बदलला होता, त्याला मज्जेचीच चटक लागली होती. विषाणूला जिथे ठेवू तसा तो बदलतो, हा धडा साबिन यांना पहिल्यांदा असा मिळाला.

त्यांनी मग स्वतःच तो निष्कर्ष खोडून काढण्याच्या मागे लागून सिनसिनाटीला पोलिओने गेलेल्या रुग्णांची शवविच्छेदनं केली. विषाणू फक्त मज्जेत नव्हता, आतड्यातही भरपूर होता. म्हणजे हा रोग तोंडावाटे शिरतो, आतड्यात मुक्काम करतो आणि क्वचित एखाद्याच्याच मज्जेपर्यंत पोहोचतो. तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतलं, की याला आतड्यातच अडवायचं. तोंडावाटेच एक दुबळा भाऊबंद आधी पाठवून जागा अडवून ठेवायची.

मधे दुसरं महायुद्ध आलं. साबिन सैन्यात डॉक्टर म्हणून गेले, डेंग्यू आणि जपानी मेंदूज्वरावर काम केलं, आणि परत येऊन पुन्हा पोलिओला भिडले.

आता विषाणूला दुबळं करायचं म्हणजे काय करायचं? माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी काचेत वाढवायच्या, त्यावर विषाणू सोडायचा, तिथून उचलून पुढच्या पेशींवर, मग पुढच्या. माणसाबाहेरच्या या घरात राहून राहून त्याच्यात बदल होतात. त्यातल्या एकेका विषाणूची पैदास वेगळी काढायची, माकडांच्या पाठीच्या कण्यात टोचून बघायची आणि जी कमीत कमी इजा करील ती ठेवायची. पोलिओचे प्रकार तीन, त्यामुळे हे सगळं तीनदा. यात हजारो माकडं गेली. त्या काळात पोलिओच्या कामासाठी आपल्या देशातूनही माकडं मोठ्या संख्येने अमेरिकेत जात होती, आणि वाटेतले त्यांचे हाल पाहून 1955 मध्ये भारताने ही निर्यात काही काळ थांबवलीही होती.

मग माणसांवर चाचणी. ओहायोतल्या चिलिकोथीच्या तुरुंगातले कैदी स्वखुशीने पुढे आले, असं नोंदींत आहे. तुरुंगातल्या माणसाची स्वखुशी ती किती, असा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहिला नाही. अर्थात साबिन यांनी फक्त दुसऱ्यांच्या जिवावर प्रयोग केला असंही नाही. त्यांनी स्वतः ते थेंब घेतले, पत्नी सिल्व्हियाला दिले, डेबोरा आणि एमी या दोन लहान मुलींनाही दिले.

पण एप्रिल 1955 मध्ये जोनास साल्क यांची इंजेक्शनची लस आधी आली. तिच्यात विषाणू मारलेला असे. साल्क रातोरात देवदूत ठरले. त्याच महिन्यात एका कंपनीच्या इंजेक्शनांत विषाणू नीट मेलाच नव्हता असं निघालं, सुमारे दोनशे जणांना लुळेपणा आला आणि दहा जण दगावले. तरीही नंतर ते इंजेक्शन सुधारून सुरू राहिलं. अमेरिकेतल्या लाखो मुलांना ते टोचून झाल्यावर साबिन यांचे थेंब तपासायचे कुणावर?

उत्तर आलं थेट सोव्हिएत रशियातून. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर बॉम्ब रोखून बसलेले असताना दोन्हीकडचे डॉक्टर एका आजारासाठी एकत्र आले. 1956 च्या सुरुवातीला मॉस्कोचे मिखाईल चुमाकोव्ह, त्यांची पत्नी मरिना व्होरोशिलोव्हा आणि लेनिनग्राडचे अनातोली स्मोरोदिन्त्सेव्ह अमेरिकेत आले. मरिना स्वतः विषाणूतज्ज्ञ होत्या. त्याच वर्षी साबिन रशियाला गेले आणि पुढे आपल्या तिन्ही विषाणूंचं मूळ बियाणं त्यांनी रशियन डॉक्टरांना देऊन टाकलं. करार नाही, पैसा नाही. मरिना आणि चुमाकोव्ह यांनी आधी आपल्याच मुलांना ती लस साखरेच्या तुकड्यावरून चारली. मैत्रिणींनो, लस आपल्या हातांनी बनवणारी, तिच्यात काय आहे हे पुरतं जाणणारी ही आई. तिला तो साखरेचा तुकडा मुलांच्या तोंडात घालताना काय वाटलं असेल, हे मी कितीदा तरी मनात आणून पाहिलं आहे.

1959 मध्ये रशियात एक कोटीहून जास्त मुलांना ही लस मिळाली, पुढच्या वर्षअखेरीस हा आकडा सात कोटींच्या पुढे गेला. पोलिओ झपाट्याने ओसरला. रशियाच्या आकड्यांवर अमेरिकेचा विश्वास बसेना, तेव्हा येल विद्यापीठाच्या डॉ. डोरोथी हॉर्स्टमन यांनी तिथे जाऊन काम नीट पाहिलं आणि ते चोख असल्याचा निर्वाळा दिला. 24 एप्रिल 1960 ला सिनसिनाटीत मुलांच्या रांगा लागल्या. हाच तो पहिला ‘साबिन रविवार’. 1961-62 मध्ये थेंबांना अमेरिकेत परवानगी मिळाली. साबिन यांनी पेटंट घेतलं नाही, लसीतून एक पैसाही कमावला नाही. आपल्याकडे ती इतकी स्वस्तात मिळाली त्याचं हे एक मोठं कारण.

इथे गोष्ट संपली असती तर किती छान. पण 1962 मध्येच अमेरिकेतून थोड्या, अगदी मोजक्या रुग्णांच्या बातम्या येऊ लागल्या. थेंब घेतल्यानंतर काही दिवसांत लुळेपणा. आणि त्यात तिसऱ्या प्रकारच्या विषाणूचा हात जास्त दिसत होता. सरकारी समितीने तपासणी केली आणि यातल्या काही रुग्णांचा आजार लसीमुळेच आलेला असू शकतो, असं मत दिलं. साबिन भडकले. हा योगायोग आहे, पुरावा दाखवा, असं ते म्हणत राहिले.

यात एक मोठी विसंगती होती. प्रतिस्पर्धी हिलरी कोप्रोव्स्की यांच्या जिवंत लसीचा विषाणू मुलांच्या आतड्यातून बाहेर पडताना पुन्हा जोरदार होतो, असं बेलफास्टमध्ये 1956 साली आढळलं होतं. कोप्रोव्स्कींच्या लसीवर साबिन यांनी कठोर टीका केली. स्वतःच्या लसीचा विषाणूही मुलांच्या पोटातून गेल्यावर माकडांना थोडा जास्त बाधतो, हे त्यांच्याच प्रयोगात दिसलं होतं. पण तो फरक किरकोळ आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

हे नेमकं काय होतं ते स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने सांगते. समजा, लोणच्याची एक कृती वहीत लिहिली आहे. उतरवून घेताना कुणाकडून तरी ‘पाव वाटी तिखट’ऐवजी ‘पाव चमचा तिखट’ झालं. लोणचं झालं मिळमिळीत. आता ही कृती हजारो जणींनी एकमेकींच्या वहीतून उतरवली. जवळजवळ सगळ्यांचं लोणचं मिळमिळीतच होणार. पण एखादीच्या हातून लिहिताना चुकून पुन्हा ‘पाव वाटी’ झालं, तर तिचं लोणचं झणझणीत होणार आणि पुढे सगळ्या तिचीच वही मागणार. विषाणूचंही असंच. तो पोटात गेला की आपल्या लाखो प्रती काढतो, आणि नक्कल करण्यात तो अगदी वेंधळा आहे. प्रत्येक वेळी एखाद-दुसरं अक्षर चुकतंच. या चुकांनाच जनुकीय बदल किंवा म्युटेशन म्हणतात. बदलांमुळे तो दुबळा झाला, आणि उलट्या बदलाने तो पुन्हा जोर धरू शकतो. आतड्यात जो जास्त जोमाने वाढतो, त्याच्या प्रती वाढत जातात.

साबिन यांनी विषाणू निवडले तेव्हा ही अक्षरं वाचण्याची सोयच नव्हती. त्यांनी माकडांचे पाय पाहून निवड केली, अक्षरं पाहून नव्हे. ती सोय 1980 नंतर झाली. 1984-85 च्या सुमारास ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी तिसऱ्या प्रकारचा दुबळा विषाणू आणि त्याचा मूळ जोरदार पूर्वज शेजारी ठेवून वाचले. सुमारे 7,400 अक्षरांत फरक होता फक्त दहाएक ठिकाणी. त्यातही दुबळेपणा ठरवणारी अक्षरं दोन-तीनच. त्यापैकी एक 472 वं अक्षर. लस दिलेल्या बाळांच्या शौचातला विषाणू तपासला, तर दोन-तीन दिवसांतच ते अक्षर उलटून मूळ पदावर आलेलं! म्हणजे वीस वर्षांपूर्वी त्या समितीला जो संशय आला होता, त्याचं कारण आता एका अक्षरावर बोट ठेवून दाखवता येत होतं.

मग सगळ्याच बाळांना त्रास का होत नाही? कारण अक्षर उलटेपर्यंत शरीराने आपलं सैन्य उभं केलेलं असतं. बाकीचे दुबळे करणारे बदलही बहुधा शाबूत असतात. आणि मूळ पोलिओसुद्धा लस न घेतलेल्या दोनशेपैकी साधारण एकालाच लुळं करतो. थेंबांमुळे असा त्रास होण्याचं प्रमाण साधारण पंचवीस-तीस लाख डोसांमागे एक इतकं कमी आहे. रानटी पोलिओने आपल्या देशात एकेका वर्षात हजारो मुलं अपंग होत होती, त्यापुढे ही जोखीम फारच लहान. मात्र ज्या घरात ते एक मूल असतं, त्या घराला पंचवीस लाखांचा हिशोब सांगून काय उपयोग?

अमेरिकेत रानटी पोलिओचा शेवटचा स्थानिक उद्रेक 1979 साली झाला. त्यानंतर दरवर्षी तिथे जी आठ-दहा मुलं-माणसं पोलिओने लुळी होत, ती थेंबांमुळेच. त्यांच्या आईवडिलांना कुणीतरी सरळपणे सांगायला हवं होतं, की होय, हे लसीमुळे झालं, लाखो मुलं वाचली त्याची किंमत तुमच्या घराने मोजली. साबिन यांनी शेवटपर्यंत ते मनापासून मान्य केलं नाही. मला त्यांच्या या वागण्याचं फार वाईट वाटतं. ज्या हट्टापायी त्यांनी 1936 ची स्वतःची चूक खोडून काढली, त्याच हट्टापायी त्यांना दुसरी दिसली नाही. अमेरिकेने थेंब पूर्ण थांबवून फक्त इंजेक्शन ठेवलं ते 2000 साली, त्यांच्या मृत्यूनंतर.

घरचं आयुष्य फार सुखाचं नव्हतं. कामापुढे घराला वेळच नसे. 1966 मध्ये सिल्व्हिया गेली. दुसरं लग्न टिकलं नाही. 1972 मध्ये ब्राझीलच्या हेलोइसाशी लग्न झालं, ती मात्र अखेरपर्यंत सोबत राहिली. त्याच वर्षी त्यांनी आपले तिन्ही विषाणू जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वाधीन केले. 1980 मध्ये ब्राझीलने एका ठरलेल्या दिवशी देशभर सगळ्या बालकांना थेंब पाजायला सुरुवात केली. मदतीला गेलेल्या साबिन यांचं तिथल्या लष्करी सरकारशी वाजलं. रुग्णांचे आकडे लपवू नका, असा त्यांचा आग्रह होता. आकड्यांच्या खरेपणासाठी भांडणारा हाच माणूस! ब्राझीलसारख्या देशांच्या त्या दिवसांवरूनच पुढे 1995 मध्ये आपला पल्स पोलिओ आला.

1983 मध्ये मानेच्या मणक्याच्या आजाराने साबिन यांनाच पक्षाघात झाला. ज्याने जगाचे पाय वाचवले तो अंथरुणाला खिळून वेदनांनी तळमळत होता. त्यातून ते बरेच सावरले, पुन्हा बोलू-भांडू लागले. 3 मार्च 1993 ला वॉशिंग्टनमध्ये त्यांचं निधन झालं. नोबेल त्यांना कधीच मिळालं नाही.

त्यांच्या पश्चात आणखी एक गोष्ट उघड झाली. जिथे पुष्कळ मुलं लसीविना राहतात, तिथे दुबळा विषाणू एका मुलाकडून दुसऱ्याकडे महिनोन्‌महिने फिरत राहतो, बदल साठवत जातो आणि खरी साथ आणू शकतो. 2000-01 मध्ये हैती आणि डोमिनिकन रिपब्लिकमध्ये असंच झालं. गावातल्या सगळ्या मुलांना थेंब मिळाले असतील तर त्याला फिरायला वाटच उरत नाही. आपल्याकडे रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, हावड्याचा. 2014 च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. दुसऱ्या प्रकारचा रानटी विषाणू तर जगात शेवटचा दिसला तो 1999 मध्ये, आपल्या अलीगढला. तो संपल्यावरही थेंबांतला त्याचा दुबळा भाऊबंद तेवढा धोका देत होता, म्हणून एप्रिल 2016 मध्ये त्याला थेंबांतून काढलं. त्याआधी 2015 च्या नोव्हेंबरपासून मारलेल्या विषाणूचं इंजेक्शन आपल्या लसीकरणात आलं. म्हणजे जन्मभर भांडलेले साल्क आणि साबिन आपल्या बाळांच्या लसीकरण कार्डावर शेजारी-शेजारी येऊन बसले!

अलीकडे शास्त्रज्ञांनी दुसऱ्या प्रकारच्या विषाणूची अक्षरं मुद्दाम अशी बदलली आहेत, की ती सहजासहजी उलटू नयेत. ही नवी लस 2021 पासून साथीच्या देशांत वापरात आहे. फ्लूच्या जिवंत लसीत हाच विचार वेगळ्या वाटेने झाला. साबिन यांचे रशियन मित्र स्मोरोदिन्त्सेव्ह यांनी आयुष्यभर फ्लूवर काम केलं. लेनिनग्राडला 1957 च्या साथीतला फ्लूचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात थंड तापमानात पुन्हा पुन्हा वाढवला गेला. तो नाकाच्या गारव्यात वाढतो, फुप्फुसांच्या उबेत मात्र त्याला नीट वाढता येत नाही. त्याचा दुबळेपणा एका अक्षरावर टांगलेला नाही, कित्येक जनुकांत विखुरलेला आहे, त्यामुळे सगळे बदल एकदम उलटणं कठीण. 2009 मध्ये पुण्याला स्वाइन फ्लूने हादरवलं, त्यानंतर 2010 मध्ये पुण्यातच नाकात फवारायची जी लस तयार झाली, ती याच लेनिनग्राडच्या विषाणूच्या आधाराने.

त्या रविवारी बूथवर मी त्या आईला एवढं सगळं सांगितलं नाही, मागे रांग होती. जंतू जिवंत असतो, दुबळा असतो, लाखांत क्वचित एखाद्या वेळी तो बिघडतो, म्हणून आता सोबत इंजेक्शनही देतात, इतकंच सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग बाळाच्या टोपडय़ाची गाठ सैल केली आणि ते इंजेक्शन कुठे देतात असं विचारलं. दंडाला, मी म्हटलं. बाळाला ते दिलेलं होतं की नाही हे बघायला तिने पिशवीतून कार्ड काढलं.